गादीवाल्याच्या हातचं अंडं

किळस म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचं असेल, त्याने एक सकाळ गादीवाल्याच्या दुकानात काढावी. लोक जुनी गादी आणून टाकतात, तोंड दुसरीकडे करतात आणि सांगतात, "जरा कापूस पिंजून नवी खोळ घालून द्या." जरा म्हणे! खोळ उसवली की आत काय काय निघतं ते विचारू नका. मुतून मुतून पिवळा पडलेला कापूस, त्याचे दगडासारखे गोळे, केसांचे गुंते, नखं, मेलेली झुरळं, गिळायच्या सोडून लपवलेल्या औषधाच्या गोळ्या, एकदा तर कुणाची तरी कवळी. शी! आणि ही गादी ज्यांची, ते इस्त्रीचे कपडे घालून बाहेर चार हात लांब उभे, अंगावर कापसाचा कण पडू नये म्हणून.

गादीवाल्याला स्वतःला मात्र याची कधी किळस वाटली नाही. बापाचा धंदा, लहानपणापासून त्याच कापसात लोळून मोठा झालेला. माणूस झोपतो, घामाघूम होतो, आजारी पडतो, ते सगळं गादीत उतरणारच, त्यात एवढं काय, असं त्याचं सरळ म्हणणं. तोंडाला फडकं बांधायचं, खोळ फाडायची, कापूस यंत्रात घालायचा. पलीकडून तो पांढरा, हलका होऊन उडायला लागला की गडी खूश. मग दाभण घेऊन टाके घालायला बसला की शीळ सुरू. अंगाने दांडगा, तोंडाने फटकळ, राग आला की तिथल्या तिथे बोलून मोकळा होणारा. किळस त्याला शिकवली ती घरच्या माणसांनी, आणि तीही स्वतःच्या पोरीच्या निमित्ताने.

पोरगी एकुलती एक. चालायला लागल्यापासून एका जागी म्हणून बसली नाही, त्यामुळे घरात सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगीची कातडी अगदी तान्ही असल्यापासून कोरडी. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, मानेवर लाल चट्टे. खाज सुटली की पोर खाजवून खाजवून रक्त काढायची, मग त्यातून पाणी यायचं, वर खपली धरायची, आणि खपली सुकली की पुन्हा खाज. बालवाडीतल्या बाया आपल्या पोरांना तिच्या शेजारून उठवून दुसरीकडे बसवायच्या. खरूज आहे म्हणायच्या. अहो, खरूज नव्हे ती! इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, हा एक्झिमा आहे, कातडीची जातच अशी असते, कुणाला लागत नाही. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच साधं मलम भरपूर चोपडायचं, आणि चट्ट्यांवर औषधाचं मलम लावायचं. घाबरून थोडं थोडं नाही, नीट लावायचं.

पण नीट लावणार कोण? लावायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलेलं. सासरे गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या त्या घरच्या मालकीण होऊनच. त्या मलमात स्टेरॉइड असतं आणि त्याने कातडी सडते, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलेलं. मग काय, लेकीला दाखवायला मोहरीएवढं बोटावर घ्यायच्या, चट्ट्यावर टेकवायच्या आणि लेकीची पाठ वळली की ओल्या फडक्याने पुसून टाकायच्या. मलमाची नळी काही केल्या संपत नव्हती, आणि चट्टेही जात नव्हते.

या सगळ्यात बापलेकीची एक वेळ ठरलेली होती. सकाळी दुकान उघडायच्या आधी गादीवाला एक अंडं उकडायचा. मुंगी मांडीवर येऊन बसायची. तो सोलायचा, मीठ लावायचा, तुकडा तुकडा करून तिच्या तोंडात घालायचा. तिने त्याच्या केसांतला कापूस वेचायचा, फुंकर मारून उडवायचा आणि पुन्हा आ करायचा. दात आल्यापासून हा कार्यक्रम चालू होता. अंडं खाऊन तिला कधी साधी उचकीही लागली नव्हती. तेवढ्या वेळात ती खाजवायची पण नाही. गादीवाल्याला विचारलं असतं, बाबा रे, जगतोस कशासाठी, तर त्याने त्या अंड्याकडे बोट दाखवलं असतं.

आणि मग ती तपासणी आली. मेली तपासणी!

सासूबाईंना कळलं की बाजारातल्या एका लॅबमध्ये अ‍ॅलर्जीचं पॅकेज मिळतं. एकदा रक्त द्यायचं, की कशाकशाची अ‍ॅलर्जी आहे ते सगळं कागदावर छापून हातात. डॉक्टरीणबाईंना विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. गादीवाला दुकानात असताना मायलेकी पोरीला घेऊन गेल्या. लॅबमधला तो गोडबोल्या म्हणाला म्हणे, "आजी, मूळ सापडलं की आजार मुळासकट गेलाच समजा." त्याच्या तोंडात साखर पडो म्हणावं, तर जीभ उचलत नाही.

रिपोर्ट आला तो लालच लाल. अंडं लाल, दूध लाल, गहू लाल, शेंगदाणे लाल, मांजराचे केस लाल. सगळ्यात वर, सगळ्यात लाल, धुळीतला किडा. सासूबाईंनी त्या किड्याचा फोटो मोबाईलवर शोधून काढला. सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो तो, आठ पायांचा, फुगलेला, केसाळ, डोळे नसलेला. जावई दारात पाय ठेवतो न ठेवतो, तोच त्यांनी तो त्याच्या नाकासमोर धरला.

"बघा जावईबापू, हा तुमचा धंदा."

"हे काय आहे?"

"हे तुमच्या कापसात असतं. रोज अंगावर घेऊन येता आणि लेकराला चिकटवता."

"अहो आई, हे प्रत्येकाच्या अंथरुणात असतं. डोळ्यांना दिसत नाही इतकंच."

"आमच्या नाही हो असलं काही!"

आमच्या नाही! मागच्याच वर्षी त्याने सासूबाईंची गादी उघडली होती. आतून जे निघालं ते त्याने मुकाट्याने यंत्राच्या मागे नेऊन जाळलं होतं आणि बायकोलाही सांगितलं नव्हतं. आत्ता सगळं अगदी ओठावर आलं होतं. पण बायकोने डोळ्यांनीच गप्प बसवलं, आणि राग येऊनही हा आयुष्यात पहिल्यांदा तोंड आवळून बसला.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा कायदा. गादीवाल्याने पुढच्या दाराने यायचं नाही. मागच्या नळावर अंघोळ करायची, कपडे बाहेरच्या बादलीत टाकायचे, जेवायचं बाहेरच्या खोलीत, झोपायचंही तिथेच. पोरीला उचलायचं नाही, जवळ घ्यायचं नाही. सासूबाई त्याच्या मागून फरशी पुसत यायच्या. तो ज्या खुर्चीवरून उठायचा, ती खुर्ची चिमटीत धरून उन्हात नेऊन ठेवायच्या, मेलेला उंदीर उचलावा तशी. आणि मुंगीला झोपवायचं कुठे? तर आजीच्या कुशीत, आजीच्या गादीवर! बापाच्या अंगावरचे किडे नकोत म्हणून पोर त्या गादीवर. सांगा आता, हसायचं का डोकं आपटायचं?

बायको वाईट नव्हती. बिचारीला दोन्ही बाजूंनी ओढत होते. ती म्हणायची, "थोडे दिवस, अहो. तिच्यासाठीच ना?" तिच्यासाठीच म्हटल्यावर हा कशाला नाही म्हणतोय!

तिच्यासाठी मग दूध बंद झालं. ब्रेड बंद, बिस्किटं बंद, शेंगदाणे बंद, अंडं तर पहिल्याच दिवशी बंद. उरलं काय, तर पातळ भात, उकडलेला बटाटा, टोमॅटो आणि केळं. त्याने गुण येईना, तेव्हा रिपोर्टात नसलेला टोमॅटोही बंद झाला, का तर तो लाल असतो. वर सासूबाईंनी मलमाची नळी कचऱ्यात टाकली. "मूळ सापडलंय ना, मग आता मलम कशाला?" असे महिने गेले. मुंगीच्या गालाची हाडं दिसायला लागली. चट्टे कमी व्हायचे सोडून पाठीवर पसरले. तिची चादर सकाळी रक्ताने आणि पाण्याने अंगाला चिकटलेली असायची, सोडवताना पोर किंचाळायची. आणि आजी म्हणायची, "अजून कुठून तरी येतंय हे." म्हणायची, आणि बाहेरच्या खोलीकडे बघायची.

एका सकाळी मुंगी बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. त्याने हात पुढे केले.

"ये."

"नको. बाबा, तुझ्यात किडे आहेत?"

"कुणी सांगितलं?"

"आजीने. ते चावतात."

त्या दिवशी गादीवाल्याने दुकानात पहिली गादी उघडली आणि त्याला भडभडून ओकारी आली. गादी तशी बरी होती, एका शिक्षकाची, नुसती धूळ. पण आपले हात, आपले केस, नाकात भरलेला कापूस, सगळ्याची त्याला शिसारी आली. चांगला शीळ घालणारा माणूस, साबण लावून लावून कोपरापर्यंत सोलून निघाला. मेल्यांनी किळस शिकवली ती ही अशी.

मग एकदाचं त्याचं डोकं फिरलं. रिपोर्ट खिशात कोंबला आणि दुकानाला कुलूप लावून तो सरळ इस्पितळात डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई तपासणी आटोपून निघायच्या बेतात होत्या. जिन्याच्या तोंडाशीच त्याने गाठलं. बाईंनी कागदावर नजर फिरवली, आणि त्यांचं तोंड कडू औषध प्याल्यासारखं झालं.

"ही कुणी करायला सांगितली?"

"कुणीच नाही. पॅकेज होतं."

"पॅकेज! अहो, एक्झिमा असलेल्या मुलांच्या रक्तात कशाकशाच्या अँटिबॉडी सापडतात. अँटिबॉडी सापडली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. खाल्ल्यावर काय होतं ते आधी विचारायचं असतं, आणि मग गरज असली तर नेमकी तेवढीच तपासणी करायची असते. अंडं खाऊन तिला कधी काही झालं होतं?"

"कधीच नाही! रोज खायची, माझ्या हातून."

"मग अंड्याने तिचं काहीच बिघडलं नव्हतं. आणि तुमच्या कपड्यांवरच्या धुळीने एवढं होत नाही. तुम्ही अंघोळ करून पोरीला खुशाल मांडीवर घ्या. मुळात तिला मलम लागतंय का, ते सांगा."

एवढं ऐकलं मात्र, गादीवाल्याच्या अंगात वारं संचारलं. अंड्याने काही बिघडलं नव्हतं! खुशाल मांडीवर घ्या! बाई मागून म्हणत होत्या, "थांबा, एक सांगायचं राहिलं, उद्या तिला आणि तिच्या आईला घेऊन या, तोवर काही..." पण ऐकायला कोण होतं? हा केव्हाच जिना उतरून रस्त्याला लागलेला. फटकळ माणसाचं हेच असतं, आपल्या मनासारखं अर्धं ऐकलं की कान बंद.

घरी जाऊन भांडण करायची त्याला इच्छा नव्हती. पोरीला आपल्या हाताने खायला घालायचं, एवढंच डोक्यात. बालवाडी सुटायच्या वेळी सासूबाईंच्या आधी तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. आधी नळावर घासून अंघोळ केलेली, धुतलेला सदरा घातलेला. मुंगीने आधी लांबूनच बघितलं.

"किडे गेले?"

"गेले. डॉक्टरबाईंनी घालवले."

मग ती पळत आली. त्याने तिला उचललं तेव्हा ती इतकी हलकी लागली की त्याने मनातल्या मनात सासूबाईंना नको नको ते म्हणून घेतलं. दुकानात आणलं, नव्या कोऱ्या गादीवर बसवलं. चहाच्या शेगडीवर अंडं उकडलं, सोललं, मीठ लावलं. मुंगी मांडीवर चढली. पहिला तुकडा तिने डोळे मिटून खाल्ला. "अजून," म्हणाली. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. त्याच्या केसांत हात घातला, तर कापूस नाही. "बाबा, कापूस कुठंय?" म्हणून हसली. गादीवाल्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

मग ती ओठ चोळायला लागली. आधी त्याला वाटलं, मीठ जास्त झालं. बघता बघता वरचा ओठ सुजून नाकाला टेकला. गळ्यावर, छातीवर, पोटावर पांढऱ्या-लाल गांधी उठल्या. तिने नव्या गादीवर भडाभडा ओकून टाकलं, पिवळं, पांढरं, सगळं. मग खोकला सुरू झाला, कुत्रं भुंकावं तसा, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज.

तो कसा धावला ते त्याचं त्यालाच ठाऊक. ओकारीने भरलेली पोर छातीशी धरून, रस्त्यातल्या गाड्यांना हात करत, शिव्या देत, ज्या इस्पितळातून तो नुकताच उड्या मारत निघाला होता त्यातच पुन्हा शिरला. आणीबाणीच्या विभागातल्या डॉक्टरने एक नजर टाकली आणि मांडीत इंजेक्शन खुपसलं. नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. थोड्या वेळाने ती शिट्टी थांबली, ओठ उतरायला लागला. पोरगी वाचली.

सासूबाई आणि बायको धावत आल्या. बायको पोरीच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली. आणि सासूबाई? सासूबाईंनी आधी नातीकडे बघितलं, मग जावयाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून कुणालाही मळमळलं असतं. तो आनंद होता हो, चक्क आनंद!

"मी म्हणत नव्हते? रिपोर्ट खोटा म्हणत होतात ना तुम्ही? मारायला निघाला होतात पोरीला!"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजी, रिपोर्ट आला तेव्हा अंडं हिला बाधत नव्हतं," त्या म्हणाल्या. "रोज पोटात जात होतं, शरीराला सवय होती, शरीर चालवून घेत होतं. तुम्ही इतके महिने एकदम बंद केलंत. एक्झिमा असलेल्या काही मुलांत मग ती सवय मोडते, आणि पुन्हा खाल्लं की असं होतं. म्हणून नीट चालणारं खाणं उगाच बंद करायचं नसतं." मग त्या गादीवाल्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला मी हाक मारत होते. इतक्या महिन्यांनी अंडं द्यायचं ते इथे, आमच्या समोर, कणाकणाने. घरी नाही, हेच सांगायचं होतं."

म्हणजे खोटा कागद खरा करून दाखवला तो घरच्यांनीच, सगळ्यांनी मिळून. आजीने अर्धं काम केलं, बापाने उरलेलं. गादीवाल्याच्या बोटांना अजून अंड्याचा वास येत होता. तो इस्पितळाच्या मोरीत हात धूत राहिला. बायको येऊन म्हणाली, "अहो, पुरे आता," तरी धूतच राहिला.

सासूबाईंना मात्र त्यातलं एकच वाक्य कळलं, की अंडं बाधलं. शेजारीपाजारी त्यांनी तेवढंच सांगितलं. लॅबवाल्याचं नाव तर त्यांनी आणखी दोन घरांत पोचवलं.

पुढे डॉक्टरीणबाईंनी लगाम स्वतःच्या हातात घेतला. मलम लावायचं काम बायकोकडे दिलं, आणि नळी किती संपली ते त्या स्वतः बघायच्या. दूध, ब्रेड, शेंगदाणे, एक एक पदार्थ इस्पितळात समोर बसवून देऊन बघितला. एकही बाधला नाही. अंडं तेवढं लांब ठेवायचं ठरलं, मोठी झाली की पुन्हा बघू म्हणाल्या. गादीवाल्याला आतल्या खोलीत यायला, झोपायला, पोरीला घ्यायला मोकळीक मिळाली. चट्टे उतरले. कोपराच्या आतली कातडी आता मऊ झाली होती, नुसत्या फिकट खुणा उरल्या होत्या. मुंगीचे गाल भरले, ती पुन्हा घरभर पळायला लागली, बापाच्या मांडीवर चढून त्याच्या केसांतला कापूस वेचायला लागली. सगळं पूर्वीसारखं झालं, असं बायको म्हणायची.

एका सुट्टीच्या सकाळी ती अशीच मांडीवर बसली होती. गादीवाल्याने हात धुतलेले होते, नखंसुद्धा घासलेली. त्याने केळं सोललं. केळं मुंगीला कधीच बंद नव्हतं, रिपोर्टातसुद्धा नव्हतं. त्याने तुकडा मोडला आणि तिच्या तोंडाशी नेला.

मुंगीने ओठ घट्ट मिटले. तुकड्याकडे बघितलं, मग त्याच्या बोटांकडे बघितलं, आणि मांडीवरून न उतरता मान वळवून आत हाक मारली, "आजी, बाबा देतोय. खाऊ?"

"थांब हं, आले," आतून आवाज आला.

सासूबाई हात पुसत आल्या. त्यांनी तो तुकडा जावयाच्या बोटांतून काढून घेतला, नाकाशी नेऊन हुंगला, आणि आपल्या हाताने नातीच्या तोंडात घातला. मुंगीने तो खाल्ला.